गोवर येऊन गेलेला बरा?

लहानपणी गोवर येऊन गेलेला बरा, असे म्हणणारी वडीलधारी माणसे आजही भेटतात. त्यांचे निरीक्षण खोटे नाही. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली, तेव्हा १७८१च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद पानुम या डॅनिश डॉक्टरांनी केली.

६५ वर्षे ही आठवण कोण जपते? अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या बी पेशी. प्रत्येक बी पेशी एकाच विशिष्ट आकाराचा शत्रू ओळखते. तो भेटला की तिच्यापासून हजारो पेशी होतात. काही प्रतिपिंडे तयार करतात. ती विषाणूला चिकटून त्याची वाट अडवतात. काही पेशी स्मृती सांभाळत मागे राहतात.

पण गोवराचा विषाणू या स्मृतिपेशींवरच घाला घालतो. लस न घेतलेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झाल्याचे २०१९च्या संशोधनात दिसले. म्हणजे मूल एक धडा शिकते आणि आधीचे कित्येक विसरते! लस तोच धडा शिकवते, पण जुने पुसत नाही. म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिली आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी मात्रा चुकवू नये.