आरोग्याचा जमाखर्च : महागड्या रिपोर्टाआधी कमरेला टेप



हल्ली घरात कुणाच्या छातीत दुखले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, की रक्ततपासणीच्या कागदावर एक नाव दिसू लागते, 'होमोसिस्टीन'. पुढे ठळक अक्षरांत आकडा असतो आणि शेजारी मर्यादा छापलेली असते, बहुधा ५ ते १५. आकडा २५ किंवा ३० दिसला की घरची मंडळी हादरतात. "आता अटॅक येणार का?" असे विचारत कागद घेऊन येतात. वस्तीतील रुग्णांबरोबर दवाखान्यात जाणे, कागदपत्रे भरणे हे माझे नेहमीचे काम असल्याने असे पुष्कळ कागद नजरेखालून गेले आहेत. मी डॉक्टर नाही, कारकून आहे. परंतु वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले ते सांगणे कर्तव्य समजतो. कारण या एका आकड्यापायी आपल्या घरातला पैसा एकीकडे जातो आणि दुखणे दुसरीकडे वाढते.

होमोसिस्टीन म्हणजे काय? आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचा घटक असतो. शरीर तो वापरते तेव्हा मधल्या टप्प्यावर होमोसिस्टीन तयार होते. ऑफिसच्या हिशेबात जसे सस्पेन्स खाते असते, तसे हे समजा. रक्कम तिथे थोडा वेळ थांबते आणि मग योग्य खात्यात वळती होते. हे वळते करण्याचे काम ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल करतात. ब-६ चाही त्यात हात असतो. यांपैकी एखादे कमी पडले की नोंदी साचतात आणि रक्तातील आकडा चढतो. मूत्रपिंड अधू झाले किंवा थायरॉइड मंदावले तरीही तो चढतो.

याचा हृदयाशी संबंध कुणी जोडला? १९६९ मध्ये अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅककुली यांनी. जन्मजात दोषामुळे रक्तात होमोसिस्टीन फार वाढलेल्या लहान मुलांच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कठीण झालेल्या त्यांना आढळल्या. पुढे मोठ्या माणसांतही, आकडा जास्त असेल तिथे हृदयविकार जास्त, असे दिसू लागले. मग साहजिकच प्रश्न आला, गोळ्या देऊन आकडा खाली आणला तर झटका टळेल का? याची मोठी परीक्षा २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. 'होप-२' नावाच्या त्या अभ्यासात ५,५२२ रुग्ण होते. निम्म्यांना फोलिक, ब-६ आणि ब-१२ दिले, निम्म्यांना नुसती औषध नसलेली गोळी. आकडा खाली आला. लकव्याच्या बाबतीत थोडा फरक दिसला. परंतु हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच वर्षी नॉर्वेतील अभ्यासातही झटका येऊन गेलेल्या रुग्णांना अशा गोळ्यांचा लाभ दिसला नाही. म्हणजे आकडा उतरला म्हणून धोका उतरला असे होत नाही.

मग धोका कुठे आहे? तो बहुतेक वेळा आपल्या कमरेभोवती असतो. डॉक्टर ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात तो एक आजार नसून पाच गोष्टींची टोळी आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. पाच गोष्टी अशा आहेत :

१) कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) किंवा जास्त, स्त्रियांत ८० सेंटीमीटर (साडेएकतीस इंच) किंवा जास्त. ही मर्यादा आपल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी आहे.
२) रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त.
३) उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त.
४) ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा जास्त.
५) चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी.

पाचांपैकी कोणत्याही तीन असल्या की टोळी जमली. रक्तदाब, साखर किंवा चरबीवर औषध चालू असेल तर तीही मोजायची. घेर मोजताना पँटच्या नंबरावर जाऊ नका, कारण पँट पोटाखाली बांधली जाते. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून टेप लावा. शिंप्याची टेप चालते. तिला पाचशे रुपये पडत नाहीत आणि उपाशीही राहावे लागत नाही!

रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये ही टोळी आणि होमोसिस्टीन एकत्र दिसतात का, याचे अनेक देशांत अभ्यास झाले. उत्तर एकसारखे आलेले नाही. कुठे टोळीवाल्यांचा आकडा जास्त निघाला, कुठे फरकच नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. रुग्णालयातील माणसाला एकाच वेळी अनेक गोष्टी असतात. जुन्या मधुमेहाने मूत्रपिंड थकलेले असते. साखरेची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ कमी झालेले असू शकते. अॅसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांचेही तसेच. शिवाय रक्त काढून नळी तशीच टेबलावर पडून राहिली, तर तांबड्या पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि आकडा खोटाच फुगतो. नळी बर्फात ठेवून लवकर तपासावी लागते. म्हणून आकडा वाढलेला दिसला की आधी ब-१२ आणि क्रिएटिनिन किती, हे डॉक्टरांना विचारावे.

आमच्या भागातील एका वॉचमन बंधूंचे उदाहरण सांगतो. वय ५२, रात्रपाळी, सहा वर्षांपासून मधुमेह. छातीत जड वाटले म्हणून एका खाजगी रुग्णालयात तीन दिवस राहिले. होमोसिस्टीन २८ निघाले. महिनाभराच्या महागड्या गोळ्या लिहून मिळाल्या. त्या परवडाव्यात म्हणून या गृहस्थांनी काय करावे? रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले! त्यांचा घेर कागदावर कुठेच नव्हता. घरी वहिनींनी टेप लावली तर ३९ इंच भरला. महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब १६०/१०० आणि उपाशीपोटी साखर १४८ निघाली. तीन गोष्टी तिथेच झाल्या. ब-१२ तपासले तर तेही कमी. डॉक्टरांनी साखरेची व रक्तदाबाची गोळी रोज चालू ठेवायला सांगून ब-१२ ची साधी, स्वस्त गोळी जोडून दिली. ज्या गोळीने जीव वाचतो तीच बचतीत जात होती, हे ध्यानात घ्या.

याचा अर्थ होमोसिस्टीनचा आकडा निरर्थक आहे असा मुळीच नाही. आपल्याकडे तो बहुधा ब-१२ च्या थकबाकीची नोटीस असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग असे तीन गट होते. एकूण ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ पेक्षा जास्त आढळले. सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची होती. तिथे ब-१२ ची कमतरता ८१ टक्के निघाली. शाकाहार हे त्याचे मोठे कारण दिसले.

पण "आपल्यात मटण-मासे चालतात, आपल्याला काय कमी?" असे म्हणून स्वस्थ बसू नका. ब-१२ वनस्पतीत नसते. ते अंडी, दूध, दही, मासे, मटण, कलेजी यांतून मिळते. आपल्याकडे मटण रविवारी शिजते, आणि ताटे वाढता वाढता बाईच्या वाट्याला नुसता रस्सा उरतो. दूध चहापुरते येते, अंडे मुलाला जाते. याचा हिशेब घराने कधी मांडला आहे का?

तो मांडायलाच हवा, कारण हा प्रश्न पुढच्या पिढीपर्यंत जातो. याच डॉक्टरांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व मुलांचा मागोवा घेतला. दोन-तृतीयांश गरोदर मातांत ब-१२ कमी होते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलिक जास्त होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची वृत्ती सर्वांत जास्त दिसली. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. म्हणून गरोदर भगिनींनी सरकारी लोह-फोलिकच्या गोळ्या बंद करू नयेत, त्या आवश्यकच आहेत. मात्र ब-१२ बद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. ब-१२ कमी असताना इतर कुणीही मनाने नुसते फोलिक घेत राहू नये. त्याने रक्तक्षय झाकला जातो, पण नसांची हानी चालूच राहते. मुंग्या, जिभेची आग, सततचा थकवा ही तिची लक्षणे आहेत.

खर्च कसा करावा? जमल्यास रोज एक अंडे किंवा वाटीभर दही घरातील प्रत्येकाला, बाईला आधी. मेथी, पालक, मोडाची कडधान्ये फोलिकसाठी. भाजी शिजवलेले पाणी फेकू नये. सुकट, बोंबील चांगले, परंतु मीठ फार असते. रक्तदाबवाल्यांनी नीट धुऊन, बेताने खावे. तंबाखू सोडावी. रोज अर्धा तास झपझप चालावे. वय ३० झाले की सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर मोफत तपासली जाते, तिथे जाण्यास लाजू नये. छातीत दुखले तर मात्र टेप शोधत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

आणि या रविवारी एवढे कराच. महिला मंडळाने शिंप्याची एक टेप आणि शंभर पानी वही घ्यावी. वस्तीतील प्रत्येक प्रौढाचा घेर नावापुढे लिहावा. ज्यांचा घेर मर्यादेबाहेर जाईल, त्यांना सोमवारी एकत्र दवाखान्यात न्यावे. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडावी.