डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत?

परवाच्या व्हिडिओत बोटीचा किस्सा अर्धवट राहिला, म्हणून इथं लिहितो.

आपण हदगावची माणसं, समुद्र आपल्याला सुट्टीतच दिसतो. लेकरांच्या हट्टापायी मालवणकडे सकाळच्या बोटीत बसलो. नाववाला छातीठोकपणे म्हणाला, "डॉल्फिन शंभर टक्के दाखवतो, नाही दिसला तर पैसे देऊ नका." तासभर नुसतं पाणी. मग लांबवर एक करडी पाठ वर आली आणि चार-पाच बोटी एकदम इंजिनं रेटत तिकडं धावल्या. डॉल्फिन बुडाला तो बुडालाच. नाववाला म्हणाला, "दिसला की!" धाकटं लेकरू म्हणालं, "मला नाही दिसला." दोघंही खरंच बोलत होते. भांडण व्हायचं ते झालंच.

मला त्या माणसाचा राग नाही. चूक त्याच्या बोलीत आहे. जी गोष्ट आपल्या हातात नाही, तिची त्यानं गॅरंटी दिली. मग शब्द खरा करायला पाठलाग आला, आणि पाठलागानं डॉल्फिन आणखी लांब गेला. म्हणजे ज्याच्यावर धंदा चालतो त्यालाच आपण पळवून लावतोय! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा डॉल्फिन वाघासारखाच पहिल्या अनुसूचीत आहे, हे वेगळंच.

"सर, गॅरंटी दिल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही," असं तुम्ही म्हणाल. द्या ना! पण कशाची?

न्यूझीलंडमध्ये कैकोरा नावाचं छोटं गाव आहे. रेल्वेतल्या नोकऱ्या गेल्यावर तिथल्या काही माओरी कुटुंबांनी राहती घरं गहाण टाकून १९८७ मध्ये देवमासे दाखवायचा धंदा सुरू केला. किनाऱ्याजवळच समुद्रात खोल दरी आहे, त्यामुळे स्पर्म व्हेल तिथं वर्षभर असतात. एकदा बुडी मारली की पाऊण-पाऊण तास वर येत नाहीत. म्हणून पाण्यात माइक सोडून त्यांचा आवाज ऐकतात आणि वर येण्याची वाट बघतात. एवढं करूनही नाही दिसला, तर तिकिटाचे ८० टक्के परत. हे आधीच सांगितलेलं असतं. शंभर का नाही? माझ्या मते तिथंच खरा धंदा कळलेला आहे. देवमासा नसला तरी डिझेल जळतंच, माणसांचा पगार निघतोच.

आता आपल्याकडचं. पावसाळ्यात सहस्रकुंडच्या सहलीसाठी गाडी लावू का, असं काही जणांनी विचारलंय. जरूर लावा. पण धबधब्याला पाणी किती, हे पैनगंगेच्या हातात. पाटीवर "धबधबा दाखवणारच" लिहू नका. गाडी कितीला सुटणार, जेवणात काय, परत कधी, याची गॅरंटी द्या. सकाळी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. पाणी नसेल तर निघण्याआधीच कळवा आणि सगळे पैसे परत करा. तिथं गेल्यावर धार बारीक निघाली, तर डिझेल-जेवणाचा खर्च कापून बाकीचे परत. किती कापणार, तो आकडा बुकिंग घेतानाच सांगायचा, भांडण झाल्यावर नाही.

तुमच्या गाडीचा हा आकडा काढून कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत दोन-तीन हिशोब घेऊन बसू.