भरतीच्या दिवशी पाहिलेले पाय

वेड पांघरून पेडगावास जाण्याची म्हण आमच्या वाचकांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येत असेल. म्हणीतले ते पेडगाव भीमाकाठचे, बहादूरगडाचे, असे जाणते लोक सांगतात. आज आम्ही ज्या पेडगावाविषयी लिहीत आहो, ते परभणी जिल्ह्यातील होय. मनमाडहून परभणीस येणारा लोहमार्ग या गावावरून जातो. भोवताली गोदावरीच्या खोऱ्यातील काळी जमीन, पावसाळ्यात पायास चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणीशी या गावाचा काही संबंध नाही. तरीही माजी सैनिकाच्या पायांचा प्रश्न निघाला म्हणजे हे पेडगावच काय, महाराष्ट्रातील बहुतेक गावे, आणि त्यांतील आपली सुशिक्षित घरेही, वेड पांघरून बसतात, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

सैन्यात भरती होणाऱ्या तरुणाची जी वैद्यकीय परीक्षा होते, तीत डोळे, कान व छाती यांबरोबर त्याचे तळपायही पाहिले जातात. ज्याच्या तळव्याला कमान नाही, पाऊल अगदी सपाट, त्यास परत पाठविण्याची चाल जुनी आहे. ती सकारणही आहे. एका पावलात 26 हाडे असतात, आणि साऱ्या देहाचा व पाठीवरील ओझ्याचा भार त्यांनाच वाहावा लागतो. हे पाऊल पंधरा-वीस वर्षे जड बुटात राहते, डोंगरदगडांतून चालते, कवायतीत कठीण जमिनीवर आपटले जाते, कधी हिमालयातील थंडीत गोठते. त्यानंतर एके दिवशी निवृत्तीवेतनाचा कागद हातात पडतो आणि शिपाई गावी येतो. भरतीच्या दिवशी सरकारने इतक्या बारकाईने पाहिलेले पाय त्या दिवसापासून कोणी पाहावयाचे? आज आम्ही हाच प्रश्न वाचकांपुढे मांडणार आहो.

पुष्कळांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. टाच दुखते, चवड्याखाली घट्टा पडला आहे, कुरूप झाले आहे, संध्याकाळी पाऊल सुजते, ही का लिहिण्याजोगी दुखणी, असे कोणी म्हणेल. स्वतः माजी सैनिकही तसेच म्हणतो. पाय दुखतो म्हणून रांगेतून बाहेर पडणारा तो कामचुकार, हे शिक्षण त्याच्या अंगी मुरलेले असते. त्यामुळे तो बोलत नाही, आणि तो बोलत नाही म्हणून घरचेही विचारीत नाहीत. कोणी फार आग्रह केला तर बाजारातून एक मऊ चप्पल आणली जाते आणि विषय मिटतो.

परंतु याच घरात मधुमेहाने पाऊल टाकले असेल, तर विषय मिटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे 10 कोटी 10 लक्ष लोकांना हा विकार आहे. मधुमेह जुना झाला म्हणजे पायांच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू कमी होते. अशा पायात बाभळीचा काटा मोडला, चपलेत खडा गेला किंवा वैशाखातील दुपारी देवळाच्या तापल्या फरशीवर उभे राहिले, तरी ते कळत नाही. जखम होते, ती चिघळते, आणि रक्ताचा पुरवठा आधीच मंदावलेला असल्यामुळे भरून येत नाही. बोट काढावे लागणे, पाऊल काढावे लागणे, या पुढच्या पायऱ्या होत. ज्याने युद्धभूमीवरून दोन्ही पाय शाबूत आणले, त्याने एका खड्यापायी पाय गमवावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही.

वेदना हाच पायाचा पहारेकरी, ही गोष्ट आपल्या देशात कुष्ठरोग्यांच्या सेवेतून विशेष स्पष्ट झाली. डॉक्टर पॉल ब्रँड हे 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेलेल्या अवयवावर नकळत होणाऱ्या आघातांनी व जखमांनी त्यांचा नाश होतो, हे त्यांनी दाखविले. त्यातूनच अशा रोग्यांसाठी मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपलांचा उपयोग वाढला. 'एमसीआर' या नावाने आज मधुमेह्यांस सांगितल्या जाणाऱ्या चपला याच कुळातल्या होत.

याच्या पुढची पायरी म्हणजे पायाच्या मापाचा आतला तळवा. याला डॉक्टर 'इनसोल' म्हणतात. दुकानात आकड्यांप्रमाणे मिळणारा तळवा निराळा आणि हा निराळा. येथे पावलाचा ठसा मऊ फेसाच्या पेटीत किंवा प्लास्टरमध्ये घेतात. कोठे दाब अधिक पडतो ते पाहतात. मग त्या ठशावरून खाली कठीण व वर मऊ असे थर बसवून तळवा घडवितात. जेथे घट्टा असेल तेथील भार कमी करून तो आजूबाजूस पसरविणे, हे त्याचे मुख्य काम. चष्मा जसा एकाचा दुसऱ्यास चालत नाही, तसाच हा तळवाही. शिवाय तो झिजतो, दबतो. म्हणून ठराविक काळाने तपासून बदलावा लागतो. तो बसेल इतकी खोल जागा बुटातही असावी लागते, नाहीतर चांगला तळवाच पाय चेपतो.

आता खर्चाची गोष्ट. 1 एप्रिल 2003 पासून आपल्या देशात माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. निवृत्तीवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी आणि नियमात बसणारी अवलंबून असलेली मुले व आईबाप, यांना तिचा लाभ मिळतो. एकदाच वर्गणी भरावी लागते. 2017 च्या डिसेंबरात ठरलेल्या दराप्रमाणे शिपायापासून हवालदारापर्यंत ती 30,000 रुपये होती. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांस व वीरपत्नींस ती माफ. सभासद होण्यास वयाची अट नाही, आणि आधीचा आजार आहे म्हणून कोणास नाकारले जात नाही. योजनेची चारशेंहून अधिक चिकित्सालये देशभर आहेत. तेथील डॉक्टर गरजेप्रमाणे सैनिकी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयाकडे पाठवितात.

पायांच्या साधनांसाठी तर महाराष्ट्राचे भाग्य थोर. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी 1944 साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. कृत्रिम हातपाय, आधारपट्टे आणि विशेष जोडे हे तेथील नित्याचे काम आहे. पेडगावच्या माणसास पुण्यापर्यंतचा प्रवास लांबचा खरा. तरी ज्या पायाच्या जोरावर सारे आयुष्य चालावयाचे, त्यासाठी एक प्रवास जड नाही.

मग अडते कोठे? अडते ते कागदावर. ज्याला टाच दुखली म्हणून आराम हवा आहे आणि ज्याचा पाय वाचवावयाचा आहे, या दोघांत योजनेला भेद करावा लागतो, आणि तो भेद तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून तिला कळत नाही. हा भेद इतरत्रही आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या 'ट्रायकेअर' योजनेत साधे आधारतळवे सामान्यतः वगळलेले आहेत. मधुमेह्याचे विशेष जोडे हा अपवाद. तेथीलच वृद्धांच्या 'मेडिकेअर' योजनेत पात्र मधुमेह्यास वर्षास खोल बुटांचा एक जोड व तळव्यांचे तीन जोड मिळू शकतात. मात्र पायाची अवस्था व मधुमेहावरील उपचार यांविषयी डॉक्टराचा लेखी दाखला लागतो. तात्पर्य, आधी बाजारातून तळवा विकत घ्यावयाचा आणि मागाहून पावती पुढे करावयाची, हा क्रम कोठेच चालत नाही.

योग्य क्रम असा. प्रथम आपल्या चिकित्सालयात जाऊन पाय दाखवावा; 'पाय दुखतो' एवढेच न म्हणता मधुमेह किती वर्षांचा, बधिरता कोणत्या बोटांस, पूर्वी जखम झाली होती काय, हे सांगावे. संवेदना तपासण्यासाठी दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यास टेकवितात. ही परीक्षा मागून घेण्यास संकोच नको. तज्ज्ञाकडे पाठविण्याची चिठ्ठी घ्यावी. तज्ज्ञाने रोगाचे निदान, साधनाचे नेमके नाव आणि ते का आवश्यक आहे, ही तिन्ही लिहिली आहेत की नाहीत, ते खोलीबाहेर पडण्यापूर्वी वाचून पाहावे. साधन कोठून घ्यावयाचे, मंजुरी आधी लागते काय, आणि केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरांप्रमाणे मर्यादा किती, हे विकत घेण्यापूर्वीच लेखी विचारावे. प्रत्येक कागदाची एक प्रत घरी राहावी. अडचण आल्यास परभणीस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे विचारणा करता येते.

येथेच आमच्या वाचकांचे कर्तव्य सुरू होते. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्यास 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. अशा गावात कोणता कागद कोठे द्यावा, हे पारावर बसल्याबसल्या कळते. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राज्यात होता. सैनिकांची ती दाट परंपरा इकडे नाही. पेडगावासारख्या गावातील निवृत्त हवालदारास शेजारी विचारावयास दुसरा हवालदार सापडेलच असे नाही. पण शिक्षक सापडतो, वकील सापडतो, तालुक्यास नोकरी करणारा पदवीधर सापडतो. ज्या घरात चार माणसे अर्ज लिहू शकतात, त्या घराने शेजारच्या माजी सैनिकाचा एक अर्ज लिहून द्यावा, यात उपकार कसला? हवालदार कोणत्या जातीचा वा आळीचा, हे विचारण्याचेही कारण नाही. सीमेवर उभे राहताना त्याने आपली आळी विचारली नव्हती.

घरातील रीतींविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. आपण वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवतो. परंतु त्यांचा तळवा कधी उलटून पाहत नाही. वाकून स्वतःचा तळवा पाहणे सत्तरीच्या माणसास अवघड असते. रात्री नातवाने दिवा धरावा, बोटांच्या बेचक्या पाहाव्या, लाली, फोड, भेग काही दिसते काय ते सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे. बधिर पाय ऊन पाण्यात बुडवून शेकू नये. कुरूप पात्याने कापू नये. नवा तळवा पहिल्या दिवशी थोडाच वेळ वापरून पाय तपासावा, व लाली टिकून राहिली तर पुन्हा दाखवावे.

बधिर पायाने घरातही अनवाणी हिंडू नये, असे डॉक्टर सांगतात, आणि आमच्या कुटुंबांत तंटा होतो तो येथे. स्वयंपाकघरात व देवघरात चप्पल नको, हा नियम आम्हांसही ठाऊक आहे. परंतु सोवळ्यात खडावा चालत असत, हेही वाचकांनी आठवावे. बाहेर कधीही न गेलेला, रोज धुतलेला, चामड्याचा नसलेला एक स्वतंत्र जोड घरापुरता ठेवला, तर धर्म बुडणार नाही आणि पाय वाचेल. मात्र खडावाच पुन्हा काढाल तर त्या नकोत. त्यांची खुंटी बधिर बोटांस जखम करील.

शेवटी एक गोष्ट भगिनींसाठी. या योजनेत सैनिकाच्या पत्नीचाही पाय येतो, हे बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानीही नसते. ज्या स्त्रीने नवऱ्याच्या बदल्यांच्या काळात एकटीने घर व शेत सांभाळले, तिचा मधुमेह घरात सर्वांच्या शेवटी उघडकीस येतो. सुजलेल्या बोटांत घट्ट झालेली जोडवी काढण्यास ती अशुभ म्हणून नकार देते. तिची समजूत सासूबाईंनी किंवा थोरल्या जावेने घालावी. पुरुषांचे ती ऐकणार नाही. पुढच्या खेपेस चिकित्सालयात दोन कार्डे न्यावी, एक त्यांचे आणि एक तिचे. आणि डॉक्टरांपुढे चारही पायांच्या चपला काढाव्या.