हेलियम संपला, दुर्बीण शाबूत

युरोपच्या ‘हर्शेल’ अवकाश दुर्बिणीचे काम २९ एप्रिल २०१३ रोजी थांबले, तेव्हा तिचा साडेतीन मीटर व्यासाचा आरसा शाबूत होता. संपला होता तो द्रवरूप हेलियम. दूरच्या अवरक्त किरणांचा वेध घेणारे उपकरण स्वतःच उबदार असेल तर त्याला स्वतःच्या उष्णतेपलीकडचे काही दिसत नाही. २००९ मध्ये सोबत नेलेला दोन हजार तीनशे लिटरहून अधिक साठा हळूहळू वाफ होऊन उडाला आणि एक धडधाकट दुर्बीण आंधळी झाली.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शंभर सेंटीमीटरची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून फुग्याने वर जाई व पॅराशूटने उतरे. हेलियम भरून तिला पुन्हा पाठवता येई. कक्षेतील दुर्बिणीला ही सोय नाही. जून १९९३ मध्ये ‘एंडेव्हर’ यानावर अतिद्रव हेलियम एका टाकीतून दुसरीत नेण्याचा प्रयोग यशस्वी झाला खरा. तरी आजवर एकाही दुर्बिणीत असा हेलियम भरला गेलेला नाही.

यावर आक्षेप येईल की, ‘वेब’ दुर्बिणीप्रमाणे यांत्रिक प्रशीतक बसवला की प्रश्न मिटतो. तो हलका होतो, मिटत नाही, यंत्रेही बिघडतात. ‘हबल’वरील ‘निकमॉस’ उपकरणातील गोठवलेला नायट्रोजन १९९९ मध्येच अपेक्षेआधी संपला. मार्च २००२ मध्ये अंतराळवीरांनी तेथे प्रशीतक बसवला आणि उपकरणाला दृष्टी परत मिळाली. हे शक्य झाले, कारण ‘हबल’ दुरुस्तीयोग्य असावी हे आराखड्यातच ठरले होते. शेरशहाने रस्त्यांबरोबर सरायाही बांधल्या, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे आठवावेच.

आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्यास वेगळे सांगायला नको की, बांधकामाला निधी मिळतो. देखभालीचा विचार गळती सुरू झाल्यावर होतो. ‘स्पेडेक्स’ मोहिमेत इस्रोने १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह कक्षेत जोडले, पुढे एकाकडून दुसऱ्याकडे वीजही पोहोचवली. या कौशल्याची चर्चा प्रामुख्याने अंतराळ स्थानक आणि ‘चांद्रयान-४’ यांच्या संदर्भात होते. द्रव पोहोचवणे याहून पुष्कळ अवघड, आणि ‘हर्शेल’सारख्या पंधरा लाख किलोमीटरवरील दुर्बिणीपर्यंत जावे लागेल ते यंत्रमानवालाच. म्हणूनच यापुढे विज्ञान-उपग्रहाच्या प्रत्येक प्रस्तावात जोडणीचे मुख आणि भरणझडप आहे का, नसल्यास का नाही, याचे लेखी उत्तर मंजुरीपूर्वी घेतले जावे.