मंडळात परिचारिका हवी

लिव्हरपूलमधील एका मोठ्या रुग्णालयाने आणि मेरी क्युरी हॉस्पिसने १९९०च्या दशकाच्या अखेरीस मरणासन्न रुग्णांसाठी एक उपचारक्रम आखला. हॉस्पिसमध्ये रुग्णाला मिळणारी शांतता, वेदनाशमन आणि मोकळा संवाद रुग्णालयाच्या गजबजलेल्या वॉर्डातही मिळावा, हा त्यामागचा प्रामाणिक हेतू. पुढे ब्रिटनमधील असंख्य रुग्णालयांनी तो स्वीकारला. आणि २०१३ मध्ये ज्युलिया न्यूबर्गर यांच्या चौकशी समितीने तो बंद करा, असे सांगितले.

प्रशिक्षित माणसे होती तिथे रुग्णांना शांत मरण आले, हे समितीने मान्य केले. इतरत्र मात्र फॉर्मवर खुणा करणे म्हणजेच उपचार ठरले. आपल्या माणसाला या क्रमावर घातले आहे हे अनेक कुटुंबांना कुणी सांगितलेच नव्हते. तहानलेल्या रुग्णाला पाणी पाजू पाहणाऱ्या नातेवाइकांना दटावल्याच्या कहाण्या समितीने ऐकल्या. हा क्रम वापरण्यासाठी रुग्णालयांना आर्थिक उत्तेजनही मिळत होते, आणि मरणाच्या बाबतीत याहून घातक सोय दुसरी नाही. वेदना थांबवावी की आयुष्य लांबवावे, हा पेच खरा आहे. तो माणसांनी एकत्र बसून सोडवायचा असतो, फॉर्मने नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जीवनरक्षक उपचार थांबवण्याची रीत घालून दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सुटसुटीत केली. त्यानुसार निर्णय दोन वैद्यकीय मंडळांकडून होतो: पहिल्या मंडळात उपचार करणारा डॉक्टर व किमान दोन तज्ज्ञ असतात, दुसऱ्यात जिल्हा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि आणखी किमान दोन तज्ज्ञ. सगळे डॉक्टर. रात्रभर रुग्णाची कूस बदलणारी, त्याच्या कण्हण्यातला फरक ओळखणारी परिचारिका त्यात नाही. कुटुंबाची संमती लागते खरी, पण निर्णय तयार झाल्यावर मागितलेली सही म्हणजे सहभाग नव्हे.

न्यायालयाच्या या आदेशाने परिचारिकेचे मत घेण्यास कुठेही मनाई केलेली नाही. म्हणून आपली कार्यपद्धती लिहिणाऱ्या महाराष्ट्रातील प्रत्येक रुग्णालयाने मंडळ बसण्यापूर्वी परिचारिकेचे आणि नातेवाइकांचे म्हणणे ऐकावे. ते केसपेपरवर नोंदवावे. मतभेद असेल तर तोही लिहावा, आणि तो मिटेपर्यंत सहीसाठी घाई करू नये.