इंग्रजींतील ‘उद्यां’

आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची कबुली देऊन या महिन्याचें व्याकरण आरंभितों. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आठवींतील एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें, ‘माय फादर इज कमिंग ऑन सॅटर्डे.’ शनिवार अजून उजाडावयाचा होता. आम्हीं ‘इज कमिंग’ खोडून ‘विल कम’ केलें व एक गुण कापला. मुलगा हळूच म्हणाला, “सर, बाबांनीं तिकीट काढलंय.” “भविष्यकाळ म्हणजे शॅल आणि विल,” असें दरडावून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

वस्तुतः इंग्रजी क्रियापदास भविष्यकाळाचा स्वतंत्र प्रत्ययच नाहीं. संस्कृतांत ‘गमिष्यति’, मराठींत ‘जाईल’. इंग्रजींत मात्र ‘गो’ व ‘वेंट’ एवढींच काय तीं दोन काळरूपें. म्हणून ती भाषा आपलें भविष्य उसनवारीवर भागविते. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा, ‘शॅल’चा मूळ अर्थ देणें असणें. केवळ भविष्य सांगावयाचें तर प्रथमपुरुषीं ‘शॅल’ व इतरत्र ‘विल’, ही वाटणी जॉन वॉलिस यानें १६५३ सालीं आपल्या इंग्रजीच्या व्याकरणांत दिली. पुढें शाळाशाळांतून तीच घोकली गेली.

प्रत्यक्ष व्यवहार याहून सूक्ष्म आहे. आभाळ भरून आलेलें दिसतें, तेव्हां ‘इट इज गोइंग टु रेन’. दाराची कडी वाजतांच कोणी उठतो, तो म्हणतो ‘आय विल ओपन इट’. कारण निश्चय त्याच क्षणीं झाला. वेळापत्रकांतील गाडीस साधा वर्तमानकाळ पुरतो, ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स’. आणि बेत ठरून तजवीजही झाली असेल, तर ‘इज कमिंग’.

संस्कृत जाणणारांस यांत नवल वाटूं नये. वर्तमानाला लागून असलेल्या भविष्याकरितां वर्तमानाचें रूप पाणिनीनें विकल्पानें मान्य केलेलेंच आहे. आपणही निरोप घेतांना ‘येतों’ म्हणतों, आणि हांकेला ओ देतांना तर ‘आलोंच’ असा चक्क भूतकाळ योजितों. पाणिनीचें तें सूत्र आम्हांस मुखोद्गत होतें. तरी त्या मुलाच्या वाक्यांत तें ओळखतां आलें नाहीं. तिकीट काढलेलें होतें, एवढेंच त्याला सांगावयाचें होतें, आणि तें त्यानें अचूक सांगितलें होतें.

तेव्हां पालकांस विनंति एवढीच कीं, मुलाचें वाक्य खोडण्यापूर्वीं त्यास काय म्हणावयाचें आहे तें विचारावें. शनिवारीं त्याचे वडील आले. तो एक गुण मात्र, ‘शॅल’च्या मूळ अर्थानें, आमच्याकडे अद्यापि देणें आहे.