बंदूक आणि बारा दिवस

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडे दोन दिवस हळहळ व्यक्त होते, आणि ‘त्या लोकांना वेडच लागले आहे’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. मला हा निकाल मान्य नाही. माथेफिरू सगळ्याच देशांत असतात. प्रश्न आहे तो त्यांच्या हाताशी काय असते याचा.

बंदूक बाळगण्याच्या हक्काचा कैवार घेणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. निःशस्त्र प्रजेवर राज्य करणे सोपे जाते, हे आपल्या पूर्वजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्यात अनुभवले होते. युरोपियनांना मोकळीक आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, असा तो कायदा. १७९१ साली अमेरिकन घटनेत जी दुसरी दुरुस्ती झाली, तिच्यामागेही सत्तेविषयीची अशीच धास्ती होती. मात्र त्या दुरुस्तीचा आरंभच सुनियंत्रित नागरी सेनेच्या उल्लेखाने होतो. आमच्या वादविवाद मंडळात कोणी असे अर्धेच वाक्य वाचले असते तर परीक्षकांनी गुण कापले असते! २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा हक्क व्यक्तीचा ठरवला. पण तो अमर्याद नाही, हेही त्याच निकालपत्रात आहे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला म्हणूनच मोलाचे वाटते. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना ठार केले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड परंपरावादी पक्षाचे. सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. शेतकरी मतदार तर त्यांच्याच आघाडीचे. तरीही अवघ्या बारा दिवसांत सर्व राज्यांची संमती मिळाली. भराभर गोळ्या झाडणाऱ्या बहुतेक बंदुकांवर बंदी आली, प्रत्येक बंदुकीची नोंद सक्तीची झाली, आणि ‘स्वसंरक्षणासाठी हवी’ हे कारण परवान्याला पुरेसे मानले जाईना. सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने पैसे देऊन विकत घेतल्या. त्यासाठी लोकांनी वर्षभर जादा कर भरला.

त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली अट साधी आहे: अर्ज केल्यावर २८ दिवस थांबायचे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, ही गोष्ट वादाच्या गदारोळात कोणी बोलतच नाही. निराशेचा कडेलोट पुष्कळदा एका रात्रीचा असतो. ती रात्र टळली तर माणूस वाचण्याची आशा असते. आणि बंदूक तर दुसरी संधी सहसा देतच नाही.

कायदा म्हणजे मंतरलेला ताईत नव्हे, हे मलाही कळते. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर १५ निरपराध माणसे मारली गेली, आणि हल्लेखोरांपैकी एकाकडे रीतसर परवाना होता. पण त्यानंतर तेथे चर्चा सुरू झाली ती कायदा अधिक कडक करण्याची.

अमेरिकेत १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. मुले सहा-सात वर्षांची. चार महिन्यांनी सिनेटपुढे प्रस्ताव आला, तो प्रदर्शनांत व जाहिरातींतून बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासावी एवढाच. बाजूने ५४ मते पडली. हवी होती ६०. त्या प्रस्तावात कोणाचीही बंदूक काढून घेण्याची भाषा नव्हती.